हिच्या रायफलची नवी स्प्रिंग

२ मार्च, रविवार. जेवणानंतर

आज एक जबाबदारी अंगावर घेतली. कुणी दिली नव्हती.

ही खेळून आली ती कुरकुरतच. हिच्या हॉस्पिटलची एअरसॉफ्टची टीम आहे. आठवडाभर कॅज्युअल्टीत हेड नर्स म्हणून लोकांना टाके घालायचे आणि रविवारी एका बंद गोदामात जाऊन लोकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडायच्या, असा हिचा कार्यक्रम. रायफल दिसायला थेट खरी. आत बॅटरी, मोटर आणि एक स्प्रिंग. गोळी वाटाण्यापेक्षा जरा लहान.

हिचं म्हणणं, रायफलचा पल्ला कमी पडतो. गोळ्या समोरच्याच्या पायाशी जाऊन लोळण घेतात. टीमचा कप्तान म्हणजे हॉस्पिटलच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर. तो म्हणाला, आणून द्या, नवीन स्प्रिंग टाकून देतो. त्याच्या हाताला काय गुण आहे, असं ही जेवताना दोनदा म्हणाली. ताट उचलताना आणखी एकदा.

मी म्हणालो, एवढ्याशा कामाला बाहेरचा माणूस कशाला? मी करतो.

ही हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, तू हात लावू नकोस हं तिला.

माझ्यावर कामाचा बोजा पडू नये म्हणून म्हणाली. बायको जे बोलत नाही ते ऐकू यायला एकोणीस वर्षं संसार करावा लागतो.

अँब्युलन्सवाल्याबद्दल मला काहीही वाटत नाही.

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

ही ट्रेनिंगला गेली. परत १४ला, शुक्रवारी. मॅच १६ला. टॅक्सीत बसता बसता म्हणाली, आईच्या बीपीच्या गोळ्या विसरू नकोस, गॅस बंद केलाय का बघत जा, आणि माझ्या कपाटाला हात लावू नकोस.

गोळ्या आणि गॅस लक्षात ठेवला आहे.

संकल्प: ही परत येईपर्यंत रायफल अपग्रेड करून तयार. सरप्राइज. मी व्यवसायाने माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशिन, दात घासायचा इलेक्ट्रिक ब्रश. एकशे बारा पुस्तिका झाल्या. ‘सावधान’ची चौकट माझ्याइतकी चांगली ऑफिसात कुणाला जमत नाही, असं साहेब स्वतः म्हणतात. यंत्र म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. यातलं एकही उघडून बघितलेलं नाही, पण तशी वेळ आली नाही.

११.१५

कपाट उघडलं. रायफल टॉवेलात गुंडाळलेली. टॉवेल बाजूला केला. नळी बरोबर माझ्या पोटाकडे होती. टॉवेल परत घातला.

आज निरीक्षण एवढंच ठरलं होतं.

४ मार्च, मंगळवार

ऑफिसात डबा खाताना व्हिडिओ पाहिला. हातभर गोंदवलेला एक माणूस वीस मिनिटांत सगळं उघडतो, नवी स्प्रिंग टाकतो, बंद करतो. मध्ये कॉफीही पितो. मी नीट काम करणारा माणूस. दीड तास धरला.

स्प्रिंग तीन तऱ्हेच्या मिळतात. मऊ, मध्यम, कडक. कडक मागवली. मध्यम काय, अँब्युलन्सवाल्यानेही टाकली असती.

व्हिडिओच्या शेवटी तो माणूस गंभीर होऊन म्हणतो की ही स्प्रिंग सुटून कुणाच्या डोळ्याला लागली तर. तिथे नेट गेलं. परत लावून बघितलं नाही. माणसाला सगळंच माहीत असायला हवं असं नाही.

६ मार्च, गुरुवार

पार्सल आलं. सही सासूबाईंनी केली. सासूबाई चार वर्षांपासून आमच्याकडे आहेत. वय एकाहत्तर. पूर्वी स्वेटरच्या कारखान्यात मशिनवर होत्या. आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसून विणतात आणि माझ्याकडे बघतात. बोलत नाहीत. नुसत्या बघतात.

आज बोलल्या. काय आहे त्यात, म्हणाल्या.

मिक्सरचा पार्ट, मी म्हणालो.

त्यांनी मिक्सरकडे बघितलं. तो चालू होता.

हाफ डे टाकला होता, तो सत्कारणी लावला. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, स्क्रू ड्रायव्हर लहानमोठे ओळीने मांडले. हिचा खेळायचा गॉगल घातला, कारण सुरक्षा आधी. रायफलच्या अंगातल्या दोन पिना काढायच्या होत्या. एक निघाली. दुसरी निघेना. हातोडीने हळूच ठोकली. मग जरा जोरात. मग आतून कसला तरी खट्ट आवाज आला आणि मी स्वयंपाकघरात गेलो.

पाणी प्यायला गेलो होतो.

संध्याकाळी ६.३०

हिचा फोन. कपाट उघडलं नाहीस ना, म्हणाली. मी म्हणालो, कुठलं कपाट? हे उत्तर फार बरं नव्हतं.  ही म्हणाली, आईला दे.

दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. नळाचा आवाज होता. नळ मीच सोडला होता. कशाला, आता आठवत नाही.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ३.००

सगळा अनर्थ फोनमुळे झाला.

आजही हाफ डे घेतला. दुसरी पिन निघाली. आतून गिअरबॉक्स बाहेर आला. तळहाताएवढी धातूची डबी. तिच्या आत ती स्प्रिंग दाबून बसवलेली. डबीची झाकणं वेगळी करताना मागून स्क्रू ड्रायव्हर घालून स्प्रिंग अडवून धरायची असते. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वहीत ‘सावधान’ची चौकट आखून त्यात लिहूनही ठेवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला, स्क्रीनवर हिचा फोटो आला, आणि मी दचकून दोन्ही हात मागे घेतले.

स्प्रिंग कानाजवळून गेली. आवाज आला नाही, वारा आला. मग ट्यूबलाइट फुटली.

फोन वाजत राहिला. घेतला नाही. मी बाथरूममध्ये होतो. तिथे पंचवीस मिनिटं होतो. शांतपणे विचार करायला आमच्या घरात तेवढीच जागा आहे. कडी लावली होती, ती सवयीने. कानाला हात लावून बघितला, आहे.

बाहेर आलो तर सासूबाई काचा झाडत होत्या. म्हणाल्या, पायात काही घाला, जावईबापू. 

संध्याकाळी ५.४५

सोफ्याखाली टॉर्च घेऊन झोपून सगळे भाग गोळा केले. तीन दातेरी चक्रं, पिस्टन, बारीक वॉशर, दोन केसाएवढ्या स्प्रिंगा. कुठला कुठे होता याचा फोटो काढून ठेवायचा असतो. उद्या तो व्हिडिओ परत बघेन. मुद्दाम ठरवून एक दिवस मध्ये सोडला तर काम जास्त चांगलं होतं.

८ मार्च, शनिवार

जोडणी. सकाळी दहाला बसलो.

नवी स्प्रिंग जुनीपेक्षा लांब आणि हट्टी. डबीत बसवली की झाकण मिटत नाही, झाकण मिटवलं की चक्रं उठतात. गुडघ्याखाली धरून बघितलं. पुस्तकांच्या ढिगाखाली धरून बघितलं. डबी प्रत्येक वेळी हातात जरा जिवंत झाल्यासारखी उसळते. ती उसळली की मी खुर्ची मागे सरकवतो. पायांना जागा हवी असते.

बाराला सासूबाई खुर्चीतून उठल्या. विणकाम खाली ठेवलं. काही न विचारता दोन्ही तळव्यांनी झाकण दाबून धरलं, ठासून भरलेल्या सुटकेसचं दाबतात तसं. म्हणाल्या, पिळा स्क्रू.

पिळले. मिटली डबी.

टेबलावर एक भाग उरला. नखाएवढा, एका बाजूला चोच असलेला. सासूबाईंनी चिमटीत धरून उजेडात फिरवला. म्हणाल्या, हे आतलं आहे. आमच्या मशिनीत असंच असायचं, चाक उलटं फिरू नये म्हणून.

मी म्हणालो, कंपन्या एखादा पार्ट जास्तीचा देतात. एकशे बारा पुस्तिकांचा अनुभव आहे.

त्यांनी तो आपल्या सुयांच्या डबीत ठेवून दिला.

काम पूर्ण. उद्या चाचणी. एकूण वेळ थोडा वाढला, पण दर्जा कमी केला नाही.

९ मार्च, रविवार. सकाळी ८.२०

आज चाचणी. बॅटरी काल चार्ज केली. या बॅटऱ्या कधी कधी फुगून पेट घेतात असं वाचलं, म्हणून चार्ज होताना कुकरमध्ये ठेवली आणि झाकण लावलं. बाहेर उभा राहून दाराच्या फटीतून लक्ष ठेवलं. काही झालं नाही. मी खबरदारी घेतो म्हणूनच काही होत नाही.

झोप बेताची झाली. उत्साहामुळे.

दुपारी १.१०

नीट लिहिता येत नाही. तरी लिहितो.

मॅगझिन गोळ्यांनी भरलं. रिकाम्या यंत्राची चाचणी म्हणजे चाचणी नव्हे, हे वाक्य माझंच आहे, वॉशिंग मशिनच्या पुस्तिकेतलं. गॉगल घातला. हॉलमध्ये उभा राहिलो, नळी बाल्कनीच्या बंद दाराकडे. घोड्यावर बोट ठेवलं नव्हतं. हे खरं आहे. फक्त बॅटरीची वायर जोडली.

ती आपली आपण सुरू झाली.

मी हातातून टाकली. ती फरशीवर पडली आणि पडल्या पडल्या झाडत राहिली, झाडता झाडता स्वतःभोवती फिरायला लागली. कपाट, भिंत, टीव्ही, छत, सगळीकडून गारा पडल्यासारखा आवाज. मी टेबलाखाली गेलो. डोळे मिटले. कान झाकले. किती वेळ गेला माहीत नाही. मॅगझिन संपल्यावर नुसती मोटर घरघरत राहिली. मग आत काहीतरी कराकरा मोडलं आणि थांबली.

टेबलाखालून मला सासूबाईंचे पाय दिसत होते. स्वयंपाकघराच्या दारात. त्या काय झालं ते बघायला बाहेर आल्या होत्या. उभ्याच होत्या. एक हात गालावर.

हात काढला तर डोळ्याच्या खाली लाल ठिपका आणि त्यातून रक्ताचा एक थेंब.

मला वाटतं मी आई म्हणालो. त्यांना मी कधी आई म्हणत नाही.

दुपारी ४.३०

हिच्या हॉस्पिटलात नेणं शक्य नव्हतं, तिथे झाडूवाल्यापासून सगळे मला ओळखतात. दोन चौक सोडून डोळ्यांचा एक दवाखाना रविवारी उघडा असतो. टॅक्सीत मी त्यांचा हात धरून बसलो होतो. माझाच हात ओला होता, त्यांचा कोरडा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशाने लागलं? मी तोंड उघडलं. सासूबाई म्हणाल्या, कपाटाची कडी लागली, अंधारात.

डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून, दिवा लावून तपासलं. डोळा शाबूत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब, एक बोट वर असतं तर डोळा गेला असता.

एक बोट. घरी येईपर्यंत मी माझं बोट बघत होतो.

गॉगल मी घातला होता. घरात एकच आहे.

१० मार्च, सोमवार

ऑफिसात आठवडाभराची रजा कळवली. पोट.

संकल्प: सगळं उघडून जुनी स्प्रिंग परत घालायची, टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायची आणि हा विषय बंद. रायफल फरशीवर पडली होती तिथेच आहे. तिच्यावर चादर टाकली. बॅटरी काढायला हवी. चादरीखाली हात घालायला तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा सासूबाईंनी मला बाजूला केलं, खाली वाकून वायर ओढून काढली आणि बॅटरी माझ्या हातात दिली. मी ती कुकरमध्ये ठेवली.

हिचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी खुर्ची फिरवून घेतली आणि पूर्ण वेळ उजवा गाल दाखवून बोलल्या. आई, मान आखडलीय का, असं हिने विचारलं. थोडी, म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, तुम्ही सांगायला हवं होतं. म्हणाल्या, मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही सांगा.

सांगणार आहे. योग्य वेळ बघून.

११ मार्च, मंगळवार

आतलं काम तूर्त थांबवलं आहे. पण बाहेरून अपग्रेड करायला काय हरकत? निदान ही आल्यावर काहीतरी दिसायला हवं. जंगलात दिसते तशी हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची करायची ठरवली. घरात हिरवा रंग नव्हता. बाथरूमच्या दाराचा निळा होता आणि कपाटाचा क्रीम. दोन्ही वापरले. वास बसू नये म्हणून बाल्कनीत कठड्याला टेकवून रंगवली.

समोरच्या इमारतीतल्या बाईंनी पडदा ओढला. ऊन लागत असेल असं वाटलं.

अर्ध्या तासाने दार वाजलं. दोन पोलीस. एक बाई, एक उंच गृहस्थ.

 हातात ब्रश होता, तो मी वर केला. दोन्ही हात वर केले. पोलीसबाई म्हणाल्या, शस्त्र घेऊन बाल्कनीत एक इसम उभा आहे अशी तक्रार आहे, तो इसम कुठे आहे? मी म्हणालो, बाथरूममध्ये. का म्हणालो ते देवाला माहीत. दोघांनी बाथरूमच्या दाराला दोन्ही बाजूंनी घेरलं. मी त्यांना सांगणार होतो की इसम मीच, पण त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली.

सासूबाई विणता विणता म्हणाल्या, ते आमचे जावई आहेत. ती खेळातली आहे, चालत नाही. त्यांच्या हातून काही व्हायचं नाही, तुम्ही निश्चिंत जा.

पोलीसबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांना पटलं. इतक्या पटकन पटायला नको होतं.

जाताना उंच गृहस्थ रायफलकडे बघून म्हणाले, रंग अजून ओला आहे.

१३ मार्च, गुरुवार

काल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण लिफ्टचा आवाज आला की मी उठून दाराच्या भिंगातून बघत होतो, त्यात दिवस गेला.

तशीच नवी रायफल विकत घेऊन कपाटात ठेवायचा विचार केला. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात येईल.

ही उद्या येते. काय सांगायचं ते पाठ केलं आहे. सुरुवात अशी: तू दमून आली असशील.

सासूबाईंच्या गालाची सूज उतरली. डाग आहे. गोल, मध्ये फिकट, कडेने निळा. पावडर लावून बघू का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पावडर परत जागेवर ठेवली.

१४ मार्च, शुक्रवार

ही साडेचारला आली.

मी म्हणालो, तू दमून आली असशील. ही नाही म्हणाली आणि आईकडे गेली. बॅग अजून खांद्यावरच होती. हनुवटीला हात लावून तिने आईचं तोंड खिडकीकडे वळवलं. कडी लागली, सासूबाई म्हणाल्या.

हिने आपल्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली. तिथे तस्साच डाग होता, जुना, पिवळा पडलेला. तो आईच्या गालाशेजारी धरला. म्हणाली, असली कडी मी दर रविवारी अंगावर घेते.

मी वाट बघत होतो की आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कॅज्युअल्टीतल्या आवाजात विचारायला सुरुवात केली. कुठला दवाखाना? बाहुली मोठी करून बघितली का? थेंब कोणते दिले? नजर तपासली का? सगळ्याची उत्तरं मी दिली. कागद दाखवले. फाइल केली होती.

मग म्हणाली, तू कुठे होतास?

टेबलाखाली, मी म्हणालो. पाठ केलेल्यात हे नव्हतं.

आणि गॉगल कुणी घातला होता?

मी म्हणालो, एकच होता.

सासूबाई म्हणाल्या, मीच म्हटलं होतं त्यांना, चालू करून बघा. हे खरं नाही. हिलाही कळलं की खरं नाही. ती आत गेली आणि बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला.

१५ मार्च, शनिवार

सकाळी हिने रायफल टेबलावर घेतली. निळ्या-क्रीम रंगावरून बोट फिरवलं. बोट निळं झालं. चार स्क्रू काढून आत बघितलं. सासूबाईंनी सुयांच्या डबीतून तो चोचीचा भाग काढून तिच्यासमोर ठेवला. हिने तो ओळखला. सगळं एका खोक्यात भरून अँब्युलन्सवाल्याला फोन केला. हो, म्हणाली, घरीच केलं. हो, तो बरा आहे.

तो मला हसला असेल असं वाटत नाही. त्याला कामं असतात.

जेवताना म्हणाली, उद्या टीममधले दोघे रजेवर आहेत, तू खेळायला ये.

मी गुडघ्याचं सांगितलं. गुडघ्याला काय झालंय, म्हणाली. मी सांगितलं की अजून काही झालेलं नाही.

ती म्हणाली, ज्या वस्तूला हात लावलास ती समोरून आपल्यावर रोखलेली असली की कसं वाटतं, ते एकदा बघ. रागाने म्हणाली नाही. त्यामुळे नाही म्हणता येईना.

उद्याची तयारी: दोन पँटी, त्यावर ट्रॅकपँट. दोन स्वेटर. सासूबाईंनी तिसरा दिला, नुकताच विणून झालेला. माझ्याच मापाचा निघाला. कुणासाठी चाललंय ते मी महिनाभर विचारलं नव्हतं.

गोळी लागून माणूस मरत नाही. हे मी तीन ठिकाणी तपासलं.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.००

गोदाम मोठं, थंड, वरून पत्र्याचं. जुनी पिंपं, फळ्यांच्या भिंती, तुटके ट्रॉलीचे सांगाडे. जाळीपलीकडे खुर्च्या. सासूबाई तिथे विणकाम घेऊन बसल्या. त्यांना हिने आधी गॉगल घातला. मग मला घातला, मागचा पट्टा दोनदा ओढून बघितला.

अँब्युलन्सवाला भेटला. बुटका, शांत माणूस. मला वाटला होता तसा अजिबात नाही. म्हणाला, साहेब, स्प्रिंग चांगल्या कंपनीची आणलीत. फक्त एवढी कडक इथे चालत नाही. मैदानात बंदी आहे, फार जोरात लागते. मग त्याला सासूबाईंचा गाल दिसला आणि तो खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

हिला त्याने स्वतःची जादा रायफल दिली होती, मला टीमची. जड होती. मी तिची नळी जमिनीकडे धरली. इतकी जमिनीकडे की बुटाला टेकत होती.

पंच म्हणाले, गोळी लागली की आपण होऊन हात वर करायचा, लागली असं मोठ्याने म्हणायचं आणि जाळीबाहेर जायचं. कुणी तपासत नाही. खेळ सगळा विश्वासावर.

शिट्टी झाली. सगळे धावले. मी एका पिंपामागे बसलो. पिंप गंजलेलं होतं, त्याला खालच्या बाजूला भोक होतं. भोकातून मला रिकामी फरशी दिसत होती. कुणी नव्हतं. लांब कुठेतरी टक टक टक असा आवाज झाला. तो मागच्या रविवारचाच आवाज. माझे डोळे आपोआप मिटले. मिटल्यावर मला पाय दिसले, स्वयंपाकघराच्या दारातले.

लागली, मी म्हणालो. मोठ्याने. हात वर करून उभा राहिलो आणि बाहेर चालत गेलो.

शिट्टी होऊन अजून मिनिटही झालं नव्हतं. पंचांनी विचारलं, कुठे लागली? डावी मांडी, मी म्हणालो. ही जवळच्याच भिंतीआड होती, तिने मान वळवून बघितलं आणि परत खेळायला लागली.

उरलेला वेळ सासूबाईंच्या शेजारी बसून काढला. त्यांनी मला लोकरीचा गुंडा धरायला दिला. आमची टीम जिंकली. माझं योगदान

हे वाक्य पुढे लिहीत नाही.

६.१०

घरी आल्यावर ही फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधून घेऊन आली. समोर बसली. म्हणाली, दाखव. डावी की उजवी?

उजवी, मी म्हणालो.

म्हणाल्यावर लक्षात आलं. पण तोवर म्हणून झालं होतं.

हिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग बर्फ उजव्या मांडीवर ठेवला, माझा हात घेऊन त्यावर दाबला आणि म्हणाली, वीस मिनिटं धर, मध्ये काढू नकोस. आणि आईला चहा विचारायला आत गेली.

गोळी लागली नव्हती. माझ्या बाजूला कुणी झाडलीच नव्हती.

वीस मिनिटं पूर्ण धरला.